अण्णासाहेबांची चाल



किर्लोस्करांवर बोलणार आहे असं मी कळवलं, तेव्हा पलीकडून प्रश्न आला, "नाटकवाले किर्लोस्कर की पंपवाले?" हसण्यावारी नेण्यासारखा असला तरी प्रश्न रास्त आहे. दोन्ही किर्लोस्करांचा उगम बेळगावकडच्या गुर्लहोसूर या एकाच खेड्यातला. लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव तिथे १८६९ साली जन्मले, आणि त्याआधी सव्वीस वर्षं, ३१ मार्च १८४३ ला, बळवंत पांडुरंग म्हणजे आपले अण्णासाहेब. आज पंपवाल्यांचं नाव गावोगावच्या विहिरींवर रंगवलेलं दिसतं. नाटकवाल्यांचं नाव कुणी कुठे रंगवत नाही, पण नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर हौशी मंडळी 'शाकुंतला'ची नांदी अजून म्हणतात. ती अण्णासाहेबांची आहे हे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं, आणि त्यानं काही बिघडतही नाही.

'मराठी संगीत नाटकाचे जनक' ही पदवी आपण त्यांना शाळेच्या पुस्तकातच देऊन टाकली आहे. एकदा जनक म्हटलं की माणसाचा फोटो भिंतीवर जातो आणि त्यानं नेमकं काय केलं हे विचारायचं राहून जातं. आज तेवढंच विचारायचं आहे. पदं लिहिणारा आणि त्या पदांना चाल देणारा हा गृहस्थ नक्की काय करत होता?

त्यांच्या जन्माचं साल पाहा, १८४३. त्याच साली सांगलीला विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं. म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब एका वयाचे. ते वाढले ते भावे पद्धतीची नाटकं बघत. त्या नाटकाची रीत सांगायला हवी, नाहीतर अण्णासाहेबांनी काय मोडलं ते कळणार नाही. पडद्यापुढे सूत्रधार यायचा, मागे झांज-मृदंग घेतलेले साथीदार. मंगलाचरण, मग पानाफुलांत गुंडाळलेला विदूषक, मग गणपती, मग मोरावर नाचत सरस्वती. हे सगळं आटोपलं की आख्यान. आख्यानातलं गाणं मात्र सगळं सूत्रधाराचं. सीता रडते आहे हे सूत्रधार गाऊन सांगणार, राम रागावला हे तोच गाणार, आणि पद संपलं की राम आणि सीता त्या अनुषंगानं आयत्या वेळी सुचेल तसं बोलणार. दुःख एकाचं आणि गळा दुसऱ्याचा. कीर्तनाला सरावलेल्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण कीर्तनकारही द्रौपदीचा धावा स्वतःच करतो.

शिक्षण धारवाडला, कोल्हापूरला, मग पुण्याला. पुण्यात अभ्यासापेक्षा नाटकं जास्त झाली. फिरत्या नाटक मंडळ्यांना पदं करून द्यायला हा विद्यार्थी हाताशी होता. ही उमेदवारी मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या गळ्यासाठी, ठरल्या प्रसंगासाठी, रात्री प्रयोग आहे म्हणून दुपारी पद करून देणं. ही शिकवणी कुठल्या विद्यालयात मिळत नाही. पुढे बेळगावला मास्तरकी, भारतशास्त्रोत्तेजक मंडळी नावाची हौशी नाटक मंडळी, १८७३ मध्ये 'शांकरदिग्जय' हे गद्य नाटक, आणि मग रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. वयाची पस्तिशी ओलांडेपर्यंत या माणसाच्या नावावर असं काही नव्हतं, की ज्यासाठी आपण आज इथे जमलो असतो.

१८८० चं पुणं डोळ्यापुढे आणा. जानेवारीत चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आहे. 'केसरी' अजून निघायचा आहे. शिकलेल्या माणसाला भाव्यांच्या नाटकातले राक्षस आणि त्यांच्या आरोळ्या आता पोरकट वाटू लागल्या आहेत. त्याला 'बुकिश' नाटक हवं आहे, म्हणजे पुस्तकात लिहिलेलं, पाठ करून म्हटलेलं, गद्य. कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' येऊन वीस वर्षं होत आली होती, शेक्सपिअरची भाषांतरं होत होती. थोडक्यात, सुधारलेल्या नाटकातून गाणं हद्दपार व्हायच्या वाटेवर होतं. गाणं म्हणजे जुनं, गद्य म्हणजे नवं, अशी सरळ वाटणी झाली होती.

अशात पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा खेळ झाला आणि तो अण्णासाहेबांनी पाहिला. लखनौच्या अमानतचं हे उर्दू नाटक. इंद्राचा दरबार, एकामागून एक येणाऱ्या पऱ्या, आणि प्रत्येकीचं गाणं. झगमगाट भरपूर. तो पाहून अण्णासाहेबांनी मराठीत संगीत नाटक करायचं मनावर घेतलं, हे आपण नेहमी ऐकतो. पण त्यांनी त्यातून काय उचललं नाही, ते जास्त बोलकं आहे. पऱ्या उचलल्या नाहीत, दरबार उचलला नाही, गझला उचलल्या नाहीत. घेतली ती एकच गोष्ट : जो रंगमंचावर उभा आहे तोच गातो आहे.

इथे कुणीतरी जाणकार हात वर करणार आणि म्हणणार, त्रिलोकेकरांचं काय? बरोबर आहे. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी १८७९ मध्ये 'नल-दमयंती' आणि त्यानंतर 'हरिश्चंद्र' केलं, आणि त्यांत पात्रं स्वतः गात होती. पहिलेपणाचा मान तारखेवरून द्यायचा असेल तर तो त्रिलोकेकरांना द्या, माझी हरकत नाही. मला या शर्यतीत रस नाही. त्रिलोकेकरांची पदं आज कुणाच्या ओठावर आहेत का, एवढंच विचारतो. पात्रानं गाणं ही युक्ती कुणालाही सुचण्यासारखी होती. त्या पात्रानं गायला लायक असं पद करणं, ही वेगळी गोष्ट.

३१ ऑक्टोबर १८८०. बुधवार पेठेतलं आनंदोद्भव नाट्यगृह. 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक. सूत्रधार खुद्द अण्णासाहेब, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर गाणाऱ्यांत. कालिदास मराठीत नवा नव्हता, परशुरामतात्या गोडबोल्यांचं भाषांतर लोकांनी वाचलेलं होतं. वाचलेलं, म्हणतो मी. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वाच्या तोंडी कालिदासानं शार्दूलविक्रीडित घातलं आहे, एकोणीस अक्षरांची ओळ. संस्कृत जाणणाऱ्याला ते वृत्तच गहिवर आणतं. पण मराठीत तेच वृत्त तसंच ठेवलं की गद्याच्या मध्ये एक शिळा येऊन पडते. नट थांबतो, श्लोक म्हणतो, पुन्हा बोलू लागतो. अण्णासाहेबांनी सगळे श्लोक टाकले असं नाही. पण जिथे माणसाचं मन हलतं तिथे बहुधा त्यांनी वृत्त सोडलं आणि चाल घेतली. चालीत घातल्याबरोबर कण्व ऋषी राहिला नाही, मुलगी बोळवणारा आपल्याकडचा बाप झाला.

ती चाल कुठून आली? नाटकाचं जुनं छापील पुस्तक काढून पाहा. पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, अमक्या पदाच्या चालीवर. कीर्तनातली चाल, लावणीची चाल, बायकांच्या गाण्याची चाल, कानडी चाल. यावरून आजचा एखादा संगीत दिग्दर्शक म्हणेल, मग हे कसले संगीतकार? चाली तर उसन्याच! आक्षेप ऐकायला सोपा आहे, आणि त्यातच आजच्या चर्चेची गाठ आहे.

तेव्हाच्या प्रेक्षकाची अडचण लक्षात घ्या. ध्वनिक्षेपक नाही, बिजलीचे दिवे नाहीत, गाण्याची तबकडी नाही. नाटकातलं पद त्याच्या कानावर एकदाच पडणार, लांबून, खोकणाऱ्या आणि पान खाणाऱ्या माणसांच्या गर्दीत. चालही नवी आणि शब्दही नवे असले तर त्याच्या हाती काय लागणार? चाल ओळखीची असली की कान चालीकडे लागत नाही, सरळ शब्दांकडे जातो. शिवाय ओळखीची चाल रिकाम्या हातानं येत नाही. स्त्रीगीताची चाल ऐकली की आईचं घर आठवतं, लावणीची ऐकली की मिशीला पीळ बसतो, आर्जवाची चाल आणि थट्टेची चाल वेगळी असते हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. अण्णासाहेब ही आयती आठवण नाटकाच्या कामाला लावत होते. शेकडो चालींच्या साठ्यातून या प्रसंगाला, या पात्राला, या नटाच्या गळ्याला हीच चाल, असं ठरवणं ही माझ्या मते रचनाच आहे, आणि अवघड रचना आहे.

आणि तो साठा तरी कसला! गुर्लहोसूर, धारवाड, बेळगाव, म्हणजे एका कानात कानडी आणि एका कानात मराठी. भाव्यांनाही पहिली स्फूर्ती झाली ती सांगलीला आलेल्या कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मराठी रंगभूमी दोनदा उभी राहिली आणि दोन्ही वेळा तिनं कृष्णेच्या दक्षिणेचं पाणी प्यायलं. सीमेवरून आज आपण एवढे हातघाईवर येतो, त्यात ही गोष्ट कुणी काढत नाही.

त्यांच्या पदांत दोन जाती उघड दिसतात. एक साकी-दिंडी-कामदा यांची, आणि दुसरी खऱ्या पदांची. दिंडीची ओळ एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा अशी तुटणारी. रघुनाथ पंडितांनी नळाची गोष्ट तिच्यात सांगितली. साकी अठ्ठावीस मात्रांची. कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या यांच्यावर कथा पुढे ढकलत आले. या रचनांना तबल्याची मिजास सांभाळावी लागत नाही, बोलता बोलता साकीत शिरता येतं आणि साकीतून पुन्हा बोलण्यात उतरता येतं. अण्णासाहेबांनी हे ओळखलं. निरोप, थोडक्यात सांगायची हकिकत, चटकन दिलेलं उत्तर, हे त्यांनी साकी-दिंडीला दिलं. जिथे पात्र आतून हललं आहे, जिथे गोष्टीनं क्षणभर थांबायला हरकत नाही, तिथे पद. त्यामुळे बोलणं आणि गाणं यांच्यामध्ये दरी पडत नाही, मध्ये एक उंबरठा राहतो. नंतरच्या नाटकांत हा उंबरठा गेला. मग नट वाक्य अर्धवट सोडून ऑर्गनवाल्याकडे पाहू लागला.

'शाकुंतल' कालिदासाचं आहे. अण्णासाहेब पुरते दिसतात ते 'सौभद्रा'त.

१८ नोव्हेंबर १८८२ ला त्याचे पहिले तीन अंक पुण्यात झाले, पाचही अंकांचा प्रयोग पुढल्या वर्षी. कथा महाभारतातली, पण वागणूक अस्सल सदाशिव पेठेतली. थोरला भाऊ कर्ता, शब्दाचा पक्का आणि डोक्यानं जरा जड. त्यानं बहिणीचं लग्न परस्पर ठरवून टाकलं आहे. धाकटा भाऊ वरवर थोरल्याच्या होला हो करतो आणि आतून सगळी सूत्रं हलवतो. बहिणीचं मन दुसरीकडे गुंतलेलं. घरी एक संन्यासी येतो. थोरला भाऊ भाबडेपणानं त्याच्या सेवेला नेमका बहिणीलाच ठेवतो, आणि संन्यासी म्हणजे अर्जुन! बलराम, कृष्ण, सुभद्रा, दुर्योधन ही नावं काढून टाका, ही कुठल्याही वाड्यातली लग्नसराई आहे. गदा आहे, घटोत्कचही आहे, पण धाक कुणाचा म्हणाल तर थोरल्या भावाचा.

सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतं. आता कुणाच्या पायाशी जावं, हे ती गाऊन सखीला विचारते. हे पद आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, म्हणून त्याच्या रचनेकडे बोट दाखवतो. त्यात अलंकार नाहीत म्हटलं तरी चालेल. एखादी मुलगी माजघराच्या दाराशी उभी राहून जे बोलेल तेच शब्द, त्याच क्रमानं. सुरुवात प्रश्नानं होते, आणि प्रश्नाचा जोर जिथे पडायला हवा तिथेच चालीचा जोर पडतो. शब्द लिहून मग चालीत कोंबले असते तर हे जुळलं नसतं, कुठेतरी ऱ्हस्वाचं दीर्घ झालं असतं, एखादा 'तो' किंवा 'ची' भरतीला आला असता. गुणगुणत लिहिणाऱ्यालाच असं साधतं. कवी आणि चाल बसवणारा एकाच सतरंजीवर, एकाच डोक्यात बसले असले म्हणजे भांडण मिटवायला तिसरा लागत नाही.

आता नटाचा गळा. बडोद्याहून १८८२ मध्ये भाऊराव ऊर्फ भावड्या कोल्हटकर नावाचा तरुण अण्णासाहेबांच्या किर्लोस्कर मंडळीत आला. उंच पट्टीचा, धारदार, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. सुभद्रा त्याला मिळाली आणि भावड्याची सुभद्रा पाहायला लोक परगावांहून येऊ लागले. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांत जो फरक आहे, त्यातला काही भाग मी या आवाजाच्या हिशोबात धरतो. नायिकेकडे असा गळा आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्याचा हात मोकळा सुटतो.

एक योगायोग सांगतो, किंवा योगायोग नसेलही. 'शाकुंतल' रंगमंचावर आलं ते चार अंकांनिशी. 'सौभद्र' तीन अंकांनिशी. १८८४ चं 'रामराज्यवियोग' तेही तीन अंकांनिशी. एकही नाटक पूर्ण लिहून मग उभं राहिलं नाही. धांदल होती, मंडळीचं पोट होतं, हे खरं. पण मला यात त्यांची काम करण्याची तऱ्हाही दिसते. तालमीत बसायचं, नटाच्या तोंडून पद ऐकायचं, खटकलं तर तिथल्या तिथे शब्द बदलायचा, आणि लोक कुठे डुलतात ते पाहून पुढला अंक लिहायचा. टेबलाशी बसून नाटक पुरं करणारी ही जात नव्हे. 'रामराज्यवियोगा'चे पुढले अंक मात्र आलेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ ला अण्णासाहेब वारले, वय बेचाळीस. 'शाकुंतला'च्या पहिल्या रात्रीपासून मोजली तर पाच वर्षं आणि दोन दिवस, एवढीच कारकीर्द. 'रामराज्यवियोग' मी त्यांच्या उत्तम नाटकांत धरत नाही. विषय भारी आहे आणि त्यांचा हात घरगुती प्रसंगांत जास्त खुलतो. पण अडीच नाटकांवर उभं राहिलेलं असं नाव दुसरं दाखवा.

पुढे काय झालं, ते थोडं कडू आहे. १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनंच केलं. कोल्हटकरांना पारशी-गुजराती नाटकांच्या चालींची ओढ. नवलाई म्हणून त्या गाजल्या, पण ओळखीची चाल जी मदत करत होती ती गेली, आणि शब्द चालीच्या मागे फरपटत जाऊ लागले. मग १९११ चं 'मानापमान'. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, शब्द खाडिलकरांचे. चाली काय सांगाव्या, सुरेखच! पण इथे कामाची फाळणी झाली. चाल आणणारा एक, तिच्यात शब्द बसवणारा दुसरा. खाडिलकर नाटककार म्हणून थोर, पदकार म्हणून त्यांच्याविषयी न बोललेलं बरं, आणि खुद्द त्यांच्या भक्तांनाही पदांचा अन्वय लावताना घाम फुटतो. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. त्यानंतर नाट्यगीत म्हणजे रागदारीची लहान बैठक झाली. ते गाणं मला आवडतं, बालगंधर्वांच्या तबकड्या मी आयुष्यभर ऐकत आलो. पण नाटक थांबवून ऐकायचं गाणं ते.

आणि मग ही नवी रीत उलटी फिरून 'सौभद्रा'वरही बसली. अण्णासाहेबांची चार ओळींची सुटसुटीत पदं तानांनी फुगवून दहा-दहा मिनिटांची झाली. 'वन्स मोअर' आला की पुन्हा दहा मिनिटं. रुक्मिणी रुसली आहे, कृष्ण तिची समजूत घालतो आहे. प्रसंग दोन घटकांचा. तेवढ्यात कृष्णानं इतके आलाप घेतले तर कुठलीही रुक्मिणी राग विसरून झोपी जाईल. लोक म्हणतात 'सौभद्र' लांबतं. 'सौभद्र' लांबत नाही, आपण लांबवतो. गोव्यात जत्रेला हौशी मंडळी देवळापुढच्या मांडवात ते करतात, तिथे कधी कधी मूळचा वेग सापडतो, कारण गाणाऱ्याच्या गळ्यात तेवढ्या ताना नसतात! पद येतं, लागतं आणि जातं.

मूळची रीत एका माणसानं मात्र सांभाळली. गोविंद बल्लाळ देवल. हरिपूरचे, बेळगावच्या शाळेत अण्णासाहेबांचे विद्यार्थी, पुढे त्यांच्याच मंडळीत तालीम मास्तर. गुरू गेले तेव्हा देवल तिशीला टेकले होते. १८८६ ला 'दुर्गा', १८८७ ला 'मृच्छकटिक'. शब्द आणि चाल पुन्हा एका डोक्यात. पण अण्णासाहेबांनी जिथे हात घातला नव्हता तिथे देवलांनी घातला. गुरूची सगळी माणसं पुराणातली, मुकुट घातलेली. ती घरगुती बोलत होती, तरी शेवटी यादव आणि पांडवच. लुगडं नेसलेली, आत्ताच्या काळातली, पैशासाठी म्हाताऱ्याला द्यायला निघालेली मुलगी गाऊ शकेल का, हे अण्णासाहेबांनी करून पाहिलं नाही. त्यांना वेळ मिळाला असता तर केलं असतं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला वाटतं, केलं असतं. बलरामाच्या वाड्यापासून देवलांच्या 'शारदे'तल्या कांचनभटाच्या, म्हणजे त्या मुलीच्या बापाच्या, ओसरीपर्यंत फार अंतर नाही, आणि सुभद्रेचा प्रश्न शारदेच्या प्रश्नाहून निराळा नाही.

ते नाटक, 'संगीत शारदा', १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीनंच रंगमंचावर आणलं. त्यातली पदं साध्या चालींची, साध्या शब्दांची, आणि लेकीबाळींनी ती घरोघरी उचलली. त्या वेळी अण्णासाहेबांना जाऊन तेरा वर्षं उलटली होती.